मम्रेच्या झाडाखाली कोण आलं होतं?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘ईश्वर निराकार आहे’ या विधानाचा तात्त्विक अर्थ काय होतो ते पाहिलं. तेव्हा काही श्रोत्यांनी लिहून विचारलं होतं की तत्त्वज्ञांचं ठीक आहे, पण प्रत्यक्ष धर्मग्रंथ काय म्हणतात? म्हणून आज आपण ग्रंथ उघडून बसणार आहोत. यहुद्यांचं पवित्र शास्त्र, ज्याला ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात, आणि त्यानंतरचा नवा करार. प्रश्न साधाच आहे. या ग्रंथांमध्ये देव माणसाला दिसतो का? आणि दिसत असेल तर दिसतं ते नेमकं काय?

आपल्याकडे या प्रश्नाचं एक तयार उत्तर असतं. यहुदी धर्म मूर्तिपूजेच्या विरोधात, सबब त्यांचा देव दिसत नाही, प्रश्न मिटला. हे उत्तर देणाऱ्यांनी निर्गम या पुस्तकाचा तेहतिसावा अध्याय वाचलेला नसतो. अकराव्या वचनात म्हटलंय की देव मोशेशी समोरासमोर बोलत असे, दोन मित्र बोलावेत तसा. आणि विसाव्या वचनात तोच देव त्याच मोशेला सांगतो की माझं मुख पाहून कोणी माणूस जिवंत राहणार नाही. मध्ये फक्त आठ वचनं! मग देव त्याला खडकाच्या कपारीत उभं करतो, स्वतःच्या हाताने झाकतो, आणि पुढे निघून गेल्यावर हात काढतो. मोशेला दिसते ती पाठ.

बरं, याच पुस्तकात आधी चोविसाव्या अध्यायात मोशे, अहरोन, नादाब, अबीहू आणि सत्तर वडीलधारी मंडळी डोंगरावर जातात आणि इस्राएलाच्या देवाला पाहतात. पायांखाली नीलमण्यांची फरसबंदी असावी तसं काहीतरी होतं, एवढंच वर्णन आहे. बाकी देह कसा होता, चेहरा कसा होता, एक अक्षर नाही. देवाने त्यांच्यावर हात उगारला नाही, हे मात्र मुद्दाम नोंदवलंय. आणि त्यांनी काय केलं? खाल्लं, प्यायले. आता याच्या उलट अनुवाद या पुस्तकाचा चौथा अध्याय पाहा. तिथे मोशे लोकांना बजावतो की अग्नीतून तुम्ही आवाज ऐकलात, आकार कुठलाही पाहिला नाहीत, म्हणून आकार घडवूही नका.

आधुनिक अभ्यासक म्हणतात की हे वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या गटांचे लेखनप्रवाह आहेत, पुढे एकत्र बांधले गेले. ते खरं आहे. पण बांधणाऱ्याला ही विसंगती दिसली नसेल असं मानणं मला पटत नाही. अशी माणसं अक्षर अक्षर मोजून लिहीत. त्यांनी दोन्ही वाक्यं ठेवली. देव दिसत नाही आणि देव दिसला. पुढच्या दोन हजार वर्षांत यहुदी आणि ख्रिस्ती विचारवंतांनी जे केलं, त्याचा मोठा भाग या दोन वाक्यांचा एकत्र संसार कसा चालवायचा याच खटपटीत गेला.

आता थोडं व्याकरण. कंटाळू नका, यात गंमत आहे. अशा प्रसंगांत हिब्रू ग्रंथ ‘अब्राहामाने देवाला पाहिलं’ असं सहसा म्हणत नाही. ‘पाहणे’ या क्रियापदाचं एक वेगळं रूप येतं, ‘वय्येरा’. अर्थ साधारण ‘तो दिसला’ किंवा ‘त्याने स्वतःला दिसू दिलं’. आपण मराठीत म्हणतोच ना, देवाने दर्शन दिलं. देणारा तो, घेणारे आपण. क्रियेची सूत्रं पाहणाऱ्याच्या हातात नाहीत. साम्य तिथवरच धरा, कारण आपलं दर्शन बहुधा देवळात, मूर्तीसमोर, रोज होऊ शकतं. इथे मूर्ती नाही, वेळ ठरलेली नाही. माणूस आपल्या कामात असतो आणि ते घडतं. हागार ही मिसरी दासी मालकिणीच्या जाचाने पळून रानात झऱ्यापाशी बसलेली असते. तिला परमेश्वराचा दूत भेटतो, आणि प्रसंग संपता संपता ती ज्याच्याशी बोलली त्याला ‘मला पाहणारा देव’ असं नाव देते. लक्षात घ्या, देवाला नाव देणारी ही बाई दासी आहे आणि परकी आहे. तिच्या नावात पाहणारा कोण आहे? देव.

हिब्रू लिपीत मूळचे स्वर लिहीत नसत. नुसती व्यंजनं. स्वरचिन्हं पुढे, साधारण सातव्या ते दहाव्या शतकांत, पंडितांनी घातली. वर्षातून तीनदा पुरुषांनी यात्रेला यावं अशी आज्ञा आहे. कशासाठी? आज छापील ग्रंथात वाचतात ते ‘देवापुढे दिसण्यासाठी’, म्हणजे हजेरी लावण्यासाठी. पण स्वर बदलले की तीच व्यंजनं ‘देवाचं मुख पाहण्यासाठी’ अशी वाचता येतात. मूळ अर्थ तोच असावा आणि पाठकांनी भीडेपोटी स्वर बदलला असावा, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. आपल्या आनंदीबाईंच्या गोष्टीत ‘ध’चा ‘मा’ झाला, पण तिथे निदान अक्षर तरी बदलावं लागलं. इथे अक्षराला हातही न लावता अर्थ फिरला!

आता मी एकच प्रसंग घेऊन पुढे जाणार आहे, कारण सगळे घेतले तर रात्र होईल. उत्पत्तीचा अठरावा अध्याय. हेब्रोनजवळ मम्रे नावाची जागा. अध्यायाचं पहिलंच वाक्य सांगतं की मम्रेच्या झाडांपाशी परमेश्वर अब्राहामाला दिसला. दुसऱ्या वाक्यात भर उन्हात तंबूच्या दाराशी बसलेला म्हातारा अब्राहाम डोळे वर करतो तर समोर तीन माणसं उभी. देव कुठे गेला? तीन माणसं कोण? ग्रंथ काही सांगत नाही. अब्राहाम धावतो, वाकतो, पाय धुवायला पाणी देतो, झाडाखाली बसवतो. सारेला कणीक मळायला सांगतो, कोवळं वासरू कापायला लावतो, दही-दूध वाढतो आणि ते जेवत असताना स्वतः उभा राहतो. मग पाहुणा सांगतो की सारेला मुलगा होईल. तंबूच्या दाराआड सारा हसते, कारण तिचं वय उलटून गेलंय. आणि इथे वाक्याचा कर्ता अचानक ‘परमेश्वर’ होतो. परमेश्वर विचारतो, सारा का हसली? ती घाबरून म्हणते, मी नाही हसले. तो म्हणतो, हसलीस.

नंतर ती माणसं सदोमकडे निघतात, पण परमेश्वर अब्राहामाजवळ थांबतो. सदोम वाचवण्यासाठी अब्राहाम त्याच्याशी घासाघीस करतो, पन्नास नीतिमान माणसांपासून सुरुवात करून दहापर्यंत खाली आणतो. एकोणिसाव्या अध्यायाच्या सुरुवातीला सदोमच्या वेशीत संध्याकाळी पोचतात ते दोन दूत. तीन निघाले, दोन पोचले. उरला एक. शाळेतल्या पोराला जमेल अशी वजाबाकी, पण तिने भल्याभल्यांना छळलंय.

प्रथम यहुदी परंपरेने काय केलं ते पाहू. तालमूदमध्ये उत्तर येतं की तिघेही देवदूत होते आणि प्रत्येकाचं काम वेगळं. मीखाएल सारेला बातमी सांगायला, राफाएल अब्राहामाला बरं करायला, गब्रीएल सदोम उलथवायला. पण मग पहिल्या वाक्यातलं परमेश्वराचं दिसणं? ते वेगळं, आधीचं. सतराव्या अध्यायाच्या शेवटी अब्राहामाची सुंता झालेली आहे आणि तो दुखणाईत आहे, म्हणून देव त्याच्या समाचाराला आला होता. रब्बी पुढे म्हणतात, देवाने आजाऱ्याची विचारपूस केली, तुम्हीही करा. मला हे फार आवडतं. दर्शनाचं गूढ सोडवता सोडवता त्यांनी त्यातून शेजारधर्म काढला.

आलेक्सांद्रियाचा फिलो हा येशूचा समकालीन यहुदी तत्त्वज्ञ, ग्रीक भाषेत लिहिणारा. त्याने म्हटलं की मधला तो ‘असणारा’ स्वतः, आणि दोन बाजूंना त्याच्या दोन शक्ती, एक निर्माण करणारी, एक राज्य करणारी. पाहणाऱ्याच्या मनाच्या तयारीप्रमाणे कधी एक दिसतो, कधी तीन. फिलोसमोर हिब्रू ग्रंथ नव्हता, ग्रीक भाषांतर होतं. त्या भाषांतरकारांनाही भीड पडलेली दिसते. सत्तर वडिलांनी देवाला पाहिलं, या ठिकाणी ग्रीकमध्ये येतं की देव जिथे उभा होता ती जागा त्यांनी पाहिली.

हेच ग्रीक भाषांतर नव्या कराराच्या लेखकांच्या हातात होतं. त्यात ‘वय्येरा’साठी शब्द आहे ‘ओफ्थे’. आता पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र घ्या, पंधरावा अध्याय. हे पत्र साधारण इ. स. ५३ ते ५५ च्या दरम्यानचं, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचं. क्रुसावर मेलेला येशू उठल्यावर कोणाकोणाला दिसला याची पौल यादी देतो. केफा, मग बारा जण, मग पाचशेहून अधिक, मग याकोब, मग सगळे प्रेषित आणि शेवटी मी. क्रियापद दर वेळी तेच, ‘ओफ्थे’. ज्या शब्दाने ग्रीक ग्रंथात मम्रेला परमेश्वर दिसला, त्याच शब्दाने पौल येशू दिसला असं सांगतो. यावरून पौल येशूला थेट परमेश्वराच्या जागी बसवत होता असा निष्कर्ष लगेच काढू नये, कारण ग्रीकमध्ये हे क्रियापद देवदूतांसाठी आणि साध्या माणसांसाठीही येतं. पण लहानपणापासून हे शास्त्र ऐकलेल्या कानांना तो सूर ओळखीचा वाटलाच असणार. जाता जाता एक गोष्ट. पौलाच्या यादीत एकाही बाईचं नाव नाही. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र उठलेला येशू सर्वांत आधी दिसतो तो मग्दालीया मरीयेला, आणि तिला वाटतं हा माळी आहे.

लूकने सांगितलेली अम्माऊसच्या वाटेची गोष्ट मला मम्रेची सख्खी बहीण वाटते. दोन शिष्य चालताहेत, एक अनोळखी वाटसरू सोबत येतो, ते त्याला आग्रहाने मुक्कामाला थांबवतात. जेवताना तो भाकर मोडतो, त्यांना ओळख पटते, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. ओळखीच्या आधी दिसत होता, ओळखल्यावर दिसत नाही!

योहान सुरुवातीलाच, पहिल्या अध्यायात, ठामपणे सांगतो की देवाला कोणी कधीच पाहिलेलं नाही. मग यशयाने मंदिरात सिंहासनावर कोणाला पाहिलं? बाराव्या अध्यायात योहान उत्तर देतो की यशयाने येशूचा महिमा पाहिला. म्हणजे दोन्ही वाक्यं राखायची, पण दोन वेगळ्या नावांवर वाटून द्यायची. न दिसणारा पिता, दिसणारा पुत्र. या एका चालीतून पुढे मोठा वाद उभा राहिला. तो समजायला पुन्हा मम्रेला जावं लागेल.

इ. स. १३२ ते १३५ मध्ये बार कोख्बाच्या नेतृत्वाखाली यहुद्यांनी रोमविरुद्ध उठाव केला आणि तो रोमन सैन्याने चिरडला. जेरोम हा चर्चचा पंडित नोंदवतो की त्या पराभवानंतर असंख्य यहुदी बंदी मम्रेच्या बाजारात गुलाम म्हणून विकले गेले. जिथे अब्राहामाने पाहुण्यांचे पाय धुतले, त्या जागी त्याच्या वंशजांचा लिलाव झाला.

त्यानंतर साधारण पंचवीस वर्षांनी, इ. स. १६० च्या सुमारास, जस्टिन नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने ‘त्रिफोशी संवाद’ हा ग्रंथ लिहिला. त्यातला त्रिफो आपली ओळख करून देतो ती अशी की मी यहुदी आहे आणि नुकत्याच झालेल्या युद्धातून निसटून ग्रीस देशात राहतोय. त्रिफो खरा माणूस की लेखकाने रचलेलं पात्र, यावर मतभेद आहेत. पण पाहा, हे दोघे कशावर वाद घालतात? मम्रेवर. त्रिफोचं म्हणणं तालमूदसारखंच आहे. आधी देव दिसला, नंतर आले ते तीन दूत. जस्टिन म्हणतो, नाही. तिघांतला एक देवच आहे, पण सर्वांचा निर्माता पिता तो नव्हे, तो दुसरा. आधार म्हणून तो सदोमवरचं वाक्य दाखवतो, जिथे परमेश्वर परमेश्वराकडून अग्नीचा वर्षाव करतो. एकाच वाक्यात परमेश्वर दोनदा कसा? शिवाय विश्वाचा पिता आपलं स्थान सोडून पृथ्वीच्या एका कोपऱ्यात दिसायला येईल, असं कोणा शहाण्या माणसाला वाटेल का?

हा शेवटचा युक्तिवाद बारकाईने ऐका. तो उत्पत्तीतून आलेला नाही. उत्पत्तीच्या लेखकाला देव झाडाखाली बसून दही-दूध घेतो याचं काही वाटत नाही. हा युक्तिवाद प्लेटोच्या शाळेतला आहे, आणि जस्टिन ख्रिस्ती होण्याआधी त्याच शाळेत रमलेला होता. परमतत्त्व इतकं वर की ते कुठे येत-जात नाही. म्हणून येणारा-जाणारा कोणी दुसरा हवा. रब्बींच्या कानाला हे भयंकर वाटलं. ‘स्वर्गात दोन सत्ता आहेत’ असं म्हणणाऱ्यांचा त्यांनी पाखंडी म्हणून निषेध केला. आणि ते साहजिक आहे. त्रिफोसारख्या माणसाचं मंदिर गेलं होतं, नगर गेलं होतं, माणसं विकली गेली होती. उरलं होतं ते ‘देव एक आहे’ हे वाक्य.

जस्टिनची चाल ख्रिस्ती बाजूवरही उलटली. पिता स्वभावतःच न दिसणारा आणि पुत्र दिसू शकणारा असेल, तर पुत्र पित्याहून कमी प्रतीचा ठरत नाही का? चौथ्या शतकात, पुत्राला पित्याच्या तोडीचं न मानणाऱ्या पक्षाने नेमकं हेच हत्यार उचललं. इ. स. ३२५ च्या निकेया परिषदेने पिता-पुत्र एकाच तत्त्वाचे असं ठरवलं होतं, पण मम्रेचा पाहुणा त्या ठरावात नीट बसत नव्हता.

सोडवणूक केली ती ऑगस्टीनने, पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘त्रैक्याविषयी’ या ग्रंथात. त्याने जुनी वाटणीच मोडली. देवाचं स्वरूप मुळातच अदृश्य आहे, पित्याचं तसंच पुत्राचं आणि आत्म्याचंही. अब्राहामाने पाहिलं ते देवाचं स्वरूप नव्हे, तर दूतांकरवी काही काळापुरतं उभं केलेलं निर्मित रूप, म्हणजे चिन्ह. आणि तिघे सारखेच दिसले, तर त्यांतला एक पुत्र असंच का म्हणायचं? ते तिन्ही मिळून त्रैक्याची खूण का नसावी? तर्क निर्दोष आहे. पण किंमतही मोजावी लागली. आता अब्राहामाच्या घरी जेवला तो कोण? चिन्ह जेवलं? ऑगस्टीन वाचून अठरावा अध्याय पुन्हा वाचला की मला त्या दुपारचं ऊन कमी झाल्यासारखं वाटतं.

विद्वान हे वाद घालत होते तेव्हा प्रत्यक्ष मम्रेला काय चाललं होतं? पाचव्या शतकातला इतिहासकार सोझोमेन सांगतो की तिथे दर वर्षी उन्हाळ्यात मोठी जत्रा भरे. यहुदी येत ते अब्राहाम त्यांचा पूर्वज म्हणून, मूर्तिपूजक येत ते देवदूत तिथे उतरले म्हणून, ख्रिस्ती येत ते पुत्र तिथे दिसला म्हणून. विहिरीपाशी दिवे लावत, तिच्यात द्राक्षारस ओतत, नाणी आणि धूप टाकत, त्यामुळे त्या दिवसांत पाणी पिता येत नसे. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या सासूने ही सरमिसळ त्याला कळवली. त्याने वेदी पाडून तिथे चर्च बांधायचा हुकूम दिला. जागा लोकांच्या आठवणीत कशी धरून राहते पाहा. आपल्याकडेही अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाहू हन्नबी, म्हणजे एलीया संदेष्टा, तिथे येऊन गेला अशी मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाची श्रद्धा आहे, आणि ते लोक तिथे मलिद्याचा विधी करतात. एलीया देव नव्हे, संदेष्टा. पण दिसणं ही गोष्ट ग्रंथात राहत नाही, ती जमिनीवर उतरते, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

वेळ संपत आली आहे. समोरून एक प्रश्न आलाय, तो घेतो. प्रश्न असा की हे सगळं स्वप्न होतं असं म्हटलं तर भानगडच मिटते, नाही का?

हा प्रश्न आधी एका फार मोठ्या माणसाने विचारलाय. बाराव्या शतकातला यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिदीस. अरबीत लिहिलेल्या ‘संभ्रमितांचा मार्गदर्शक’ या ग्रंथात तो नियमच घालून देतो की जिथे जिथे देवदूत दिसला किंवा बोलला असं लिहिलंय, तिथे ते संदेष्ट्याच्या दृष्टान्तात किंवा स्वप्नात घडलं असं समजावं. मम्रेचे तीन पाहुणेही त्यातच. पुढच्या शतकात नाखमानिदीस यावर चिडला. त्याचं म्हणणं असं. मग सारेने कणीक मळलीच नाही? वासरू कापलंच नाही? ती हसली ती कुणाच्या स्वप्नात? आणि याकोब रात्रभर ज्याच्याशी कुस्ती खेळला तो जर स्वप्नातला, तर सकाळी जागा झाल्यावर याकोब लंगडत का होता?

मैमोनिदीसच्या बाजूने या लंगडण्याचं काय उत्तर देता येईल, तिथूनच पुढच्या व्याख्यानाला सुरुवात करू. येताना उत्पत्तीचा बत्तिसावा अध्याय वाचून या.